दोनदा उठलेला बॅटमॅन, तीनदा पाहताना

‘द डार्क नाइट राइझेस’ संपल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जे मनात असेल ते कागदावर उतरवून ठेवावे. उशीर झाला की त्यावर इतरांची मते चढतात आणि त्यातले आपले कोणते, ऐकलेले कोणते हे वेगळे काढता येत नाही. मी वहीचे पान उभे दुमडून घेतले होते. डावीकडे जमले ते, उजवीकडे खटकले ते. पहिल्या खेपेला उजवी बाजू पार खालपर्यंत भरली, डावीकडे पाच-सहा ओळी. तीन खेपांनंतर उजवीकडच्या बहुतेक ओळी खोडल्या गेल्या आणि दोन नव्या लिहिल्या गेल्या. त्या दोन ओळी आधीच्या सगळ्यांपेक्षा जड आहेत. हा फरक कसा पडत गेला ते इथे मांडतो. सिनेमा २०१२चा आहे, त्यामुळे शेवटासकट सगळे उघड लिहिले आहे.

एक काम पाहण्याच्या आधीच करायचे. पुढच्या भागाबद्दलची निम्मी नाराजी ही मागच्या भागाची उधारी असते. २००८च्या ‘द डार्क नाइट’मध्ये हीथ लेजरचा जोकर होता. लेजर त्याच वर्षी जानेवारीत, सिनेमा पडद्यावर येण्यापूर्वी गेला, आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने तिसऱ्या भागात जोकरचे नावसुद्धा कोणाच्या तोंडी घातले नाही. तो निर्णय मला योग्य वाटतो. तरी या भागाचा खलनायक बेन पडद्यावर आला की मन त्याला जोकरच्या शेजारी उभे करतेच. जोकर कोणताही आराखडा नसल्याचे सांगत फिरणारा. बेन शिस्तीचा, स्वतःचे सैन्य बाळगणारा, महिनोन्महिने आधी पायाभरणी करणारा. एकाचे माप दुसऱ्याला लागत नाही. म्हणून उजवीकडच्या प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारायचा: मागचा भाग पाहिलाच नसता तर हे खटकले असते का? उत्तर नाही आले की ओळ खोडायची. चार ओळी तिथेच गेल्या.

उजळणीचेही तसेच. बहुतेक जण आदल्या दिवशी ‘द डार्क नाइट’ पाहून येतात. पाहायला हवा तो २००५चा ‘बॅटमॅन बिगिन्स’. दुसऱ्या भागातून इथे आलेली गोष्ट मुख्यतः एकच आहे: सरकारी वकील हार्वे डेंटच्या गुन्ह्यांचा ठपका बॅटमॅनने स्वतःवर घेतला आणि त्या खोट्यावर गॉथम शहराची शांतता उभी राहिली. बाकी सगळी मुळे पहिल्या भागात आहेत. बॅटमॅनचा गुरू आणि पुढे शत्रू झालेला रास अल घुल आणि त्याची गुप्त संघटना लीग ऑफ शॅडोज, विहिरीत पडलेला लहान ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, आणि त्याला वर काढणारे वडील, आईच्या गळ्यातले मोती, आईवडील गेले त्या रात्री पोलीस अधिकारी गॉर्डनने पोरक्या मुलाच्या खांद्यावर टाकलेला कोट. हे सगळे तिसऱ्या भागात परत येते, आणि आठवणीत ताजे नसेल तर शेवटच्या अर्ध्या तासातला निम्मा परिणाम वाया जातो. मात्र दोन्ही एका बैठकीत पाहू नयेत. पहिला सव्वादोन तासांच्या वर आहे आणि तिसरा पावणेतीन तासांचा. मध्ये एक रात्र जाऊ द्यावी.

पहिली खेप मोठ्या पडद्यावर, न थांबता, तळाशी शब्द (सबटायटल्स) न उमटवता. यात चित्राची एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. छायाचित्रकार वॉली फिस्टरने तासाभराहून जास्त भाग आयमॅक्सच्या ७० मिलिमीटर फिल्मवर घेतला आहे आणि उरलेला ३५ मिलिमीटरवर. आयमॅक्सची फिल्म कॅमेऱ्यात आडवी धावते, एका चौकटीला काठावरची १५ छिद्रे लागतात, आणि चित्राचे प्रमाण १.४३ला १, म्हणजे जवळपास चौरसाकडे झुकलेले. ३५ मिलिमीटरचा भाग २.४०ला १, लांबट पट्टी. पूर्ण उंचीच्या आयमॅक्स पडद्यावर पाहताना चित्र मध्येच वर-खाली उघडते, पुन्हा मिटते. घरच्या डिस्कवर ही उघडझाप १.७८ला १ इतकीच होते. वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या नाहीशा होतात आणि परत येतात. पहिल्यांदा हा धसमुसळेपणा वाटला होता. कारण साधे आहे: आयमॅक्सचा कॅमेरा चालताना एवढा घरघरतो की हळू आवाजातल्या संवादाला तो सोयीचा नाही. एकदा हे ध्यानात आले की पट्ट्या वाचता येतात. पट्ट्या गेल्या की शहर बोलणार आहे, पट्ट्या आल्या की माणसे बोलणार आहेत. घरचा जुना कारभारी आल्फ्रेड आणि ब्रूस जिन्यात समोरासमोर उभे राहतात तेव्हा चित्र अरुंद होते ते बरेच वाटते.

सुरुवातीचा विमानाचा प्रसंग अजूनही पाहिला की छाती भरून येते. मोठ्या मालवाहू विमानातून दोरांवर उतरलेली माणसे लहान विमानाचे पंख आणि शेपूट तोडतात आणि त्याचा सांगाडा हवेत उभा लटकवतात. त्यातली बरीच कामगिरी स्कॉटलंडच्या आकाशात खऱ्या विमानांवर झाली, आणि ते दिसते. दोराला माणूस लटकला आहे हे त्याच्या पायांच्या हेलकाव्यावरून कळते. पळवलेल्या शास्त्रज्ञाचे रक्त एका प्रेतात भरून ते प्रेत त्याच्या नावाने सापडू द्यायचे ही युक्तीही तिथेच आहे. पहिल्या खेपेला ती हमखास निसटते, कारण ऐकण्यात लक्ष गुंतलेले असते.

ऐकण्याचा प्रश्न खराच होता. हाच प्रसंग डिसेंबर २०११मध्ये निवडक आयमॅक्स पडद्यांवर आधी दाखवला गेला तेव्हा बेन काय बोलतो ते कळत नाही अशी ओरड झाली, आणि पूर्ण सिनेमा आला तोवर त्याचा आवाज बराच वर आणलेला होता. त्यामुळे दुसरी अडचण उभी राहिली. तो आवाज मुखवट्यातून आल्यासारखा वाटत नाही. खोलीच्या सगळ्या भिंतींतून एकदम येतो. बेनची भूमिका करणाऱ्या टॉम हार्डीने ही ढब बार्टली गॉर्मन या उघड्या मुठींनी लढणाऱ्या मुष्टियोद्ध्याच्या बोलण्यावरून घेतली आहे, असे त्यानेच सांगितले आहे. म्हाताऱ्या शिक्षकासारखी मऊ, लयीत चढउतरणारी. घरी पाहताना समोरच्या मधल्या स्पीकरची पातळी दोन ते तीन डेसिबल वाढवली तर बेनही सुटा ऐकू येतो आणि गॉर्डनचे पुटपुटणेही. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर मात्र संगीत आणि संवाद एकमेकांत मिसळून जातात. त्यापेक्षा हेडफोन बरे. आणि तळाचे शब्द पहिल्या खेपेला बंदच ठेवावेत. डोळा वाक्य आधी वाचून मोकळा होतो, मग तो आवाज नुसता मागून येत राहतो आणि त्याची भीती उरत नाही.

दुसरी खेप मी कानांसाठी ठेवली. गोष्ट माहीत असते, त्यामुळे डोळे मिटूनही चालते. हान्स झिमरच्या संगीतात एक घोष आहे, “देशी बसारा”. झिमरने त्यासाठी जगभरच्या लोकांकडून इंटरनेटवरून आवाज मागवले आणि ते थरावर थर रचले. पहिल्या खेपेला तो बेन ब्रूसला टाकतो त्या विहिरीसारख्या तुरुंगापाशी लक्षात राहतो, कारण तिथे ब्रूस त्याचा अर्थ विचारतो आणि ‘ऊठ’ असे उत्तर मिळते. दुसऱ्या खेपेला कळते की तो घोष सुरुवातीपासून बेनचा आहे. विमानात आहे, त्याच्या पावलांबरोबर आहे. म्हणजे दीड-पावणेदोन तास जे शत्रूचे संगीत म्हणून अंगावर येत होते तेच विहिरीच्या तळाशी ब्रूसला वर ढकलते. नव्या गाण्याची त्याला गरज पडत नाही. ही ओळ मी डावीकडे सगळ्यात वर लिहिली.

आणि जिथे संगीत नाही ती जागा. भुयारातली पहिली मारामारी. झिमर तिथे गप्प बसतो. ऐकू येते ते पडणारे पाणी, लोखंडी जाळीवर वाजणारे बूट, दम लागलेला श्वास आणि बेनचे संथ बोलणे. बॅटमॅन सवयीप्रमाणे आपल्या पोतडीतली हत्यारे काढतो: फटाक्यासारखे चमकणारे गोळे, दिवे घालवणारे यंत्र. बेन जागचा हलत नाही. अंधारात त्याला शोधत येणारा बॅटमॅन नेमका त्याच्या हातात सापडतो. मग ठोशांखाली बॅटमॅनच्या मुखवट्याला तडा जातो, आणि ब्रूसला उचलून गुडघ्यावर आपटले जाते. प्रेक्षकाला कुठे टाळी द्यायची, कुठे घाबरायचे हे सांगायला एकही सूर नाही, म्हणून ते सहन होत नाही. सुपरहिरोच्या सिनेमात नायकाचा पराभव इतका नागवा क्वचित दाखवला जातो.

याच खेपेत बेनची शरीरभाषा नीट दिसते, कारण बोलणे समजून घेण्याची धडपड उरलेली नसते. तोंड झाकलेले, तेव्हा हार्डीकडे डोळे, मान आणि हात एवढेच भांडवल. उभा राहतो तो दोन्ही हातांनी छातीवरच्या जाकिटाचे काठ धरून, शेतावर पाहणी करणाऱ्या मालकासारखा. उद्योगपती डॅगेट पैसे दिल्याचा तोरा मिरवू लागतो तेव्हा बेन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, पण तळवा नाही, हाताची मागची बाजू, अगदी अलगद. डॅगेटचा आवाज त्या क्षणी बदलतो. धमकीचा एक शब्द नाही. तो एवढासा हात पुढच्या सगळ्या स्फोटांपेक्षा जास्त काम करतो.

तिसरी खेप घड्याळ आणि कागद घेऊन, घरी, थांबवत. उजवीकडच्या तक्रारी आता एकेक तपासायच्या.

सर्वात गाजलेली तक्रार शेअर बाजाराची. बेनची माणसे भरदिवसा बाजारात घुसतात. चोरलेल्या बोटांच्या ठशांवर ब्रूसच्या नावाने व्यवहार टाकायचे आहेत आणि संगणकाला अजून आठ मिनिटे लागणार आहेत, म्हणून ते ओलिसांना पुढे घालून मोटरसायकलींवर निघतात. बाहेर ऊन आहे. एका बोगद्यात शिरतात, तिथे दिवे जातात, बॅटमॅन येतो, आणि बोगद्यातून बाहेर पडतात तेव्हा काळोखी रात्र. आठ मिनिटांत दिवस मावळला. चूक आहे, यात वाद नाही. पण ती का केली ते तिसऱ्या खेपेला दिसते: आठ वर्षांनी परतणारा बॅटमॅन उन्हात आणायचा नव्हता. ऊन त्याला शेवटच्या लढाईत भेटणार आहे. म्हणून अंधार उसना आणला, आणि बोगदा हा त्याचा पडदा. मी ही ओळ खोडली. तिच्या शेजारची ओळ मात्र ठेवली आहे. हल्ला सगळ्या जगाने पाहिला असताना त्या आठ मिनिटांतले व्यवहार वैध धरून ब्रूसला कंगाल करायचे, हे पटत नाही. फसवणूक पुढे सिद्ध करता येईल असे ब्रूसच्या कंपनीचा प्रमुख ल्युशियस फॉक्स सांगतो, पण तोवर घर अंधारात जाते. बाजारांना असे व्यवहार रद्द करता येतात. वीज जाऊन घर अंधारात बुडावे एवढ्यासाठी पटकथेने घेतलेली ही सवलत आहे.

गुडघ्याची तक्रार लोक कमी करतात, मला ती जास्त महत्त्वाची वाटते. सुरुवातीला ब्रूस काठी टेकत चालतो. डॉक्टर त्याला सांगतो की गुडघ्यात कूर्चा उरलेली नाही, कोपर-खांद्यांतही फारशी नाही. मग तो पायाला यांत्रिक पट्टा चढवतो आणि लाथेने विटा फोडतो. हे सगळे ठसठशीत, जवळून दाखवलेले. पुढे त्याला विहिरीत टाकतात तेव्हा पट्टा नाही. पाठीचा बाहेर आलेला मणका तिथला माणूस ठोसा मारून आत बसवतो, दोराने टांगून ठेवतो, आणि ब्रूस उठून जोर-बैठका काढू लागतो. पाठीचे काय झाले ते निदान दाखवले. गुडघ्याचे नावही निघत नाही. सिनेमाने स्वतः हौसेने मांडलेली अडचण स्वतःच विसरून जावी, हे मणका ठोशाने बसवण्यापेक्षा वाईट. मणक्याची अतिशयोक्ती या जातीच्या कथेत चालते. दिलेला शब्द विसरणे कोणत्याच जातीत चालत नाही.

मग वेळेची झेप. विहिरीतून बाहेर आलेला ब्रूस, खिशात दमडी नाही, कागदपत्रे नाहीत, आणि पुढे तो पूल तोडलेल्या, सैन्याने वेढलेल्या गॉथममध्ये हजर. मध्ये काय झाले ते नाही. ही झेप मला खटकत नाही. विहिरीच्या तोंडाशी तो दोर खाली सोडतो, समोर उघडे माळरान आणि त्यापलीकडे किल्ला. हे बाहेरचे चित्रण जोधपूरजवळ झाले आहे आणि मागे दिसतो तो मेहरानगड. विहिरीचा आतला भाग इंग्लंडमध्ये कार्डिंग्टनच्या जुन्या विमानघरात उभारलेला. त्या दोन शॉटनंतर विमानतळ, बोट, चोरवाट दाखवत बसले असते तर चढाईने मिळवलेले सगळे सांडले असते. बॅटमॅन कुठेही पोचतो हे आपण पहिल्या भागापासून मान्य केले आहे.

इथवर खोडाखोड करत आल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. उरलेल्या तक्रारी सुट्या नाहीत. त्यांचे मूळ एक आहे, आणि तेच मूळ सिनेमाच्या सर्वोत्तम भागाचेही आहे. या सिनेमात नायक दोनदा उठतो.

कॉमिक्स वाचणाऱ्याला हे लवकर दिसते. इथे तीन मोठ्या कथा एकत्र शिवल्या आहेत. १९८६ची फ्रँक मिलरची ‘द डार्क नाइट रिटर्न्स’, जिच्यात निवृत्त, वयस्क बॅटमॅन परत येतो. म्हातारा पोलीस तरुण पोलिसाला आज काय पाहायला मिळणार ते सांगतो तो क्षण तिथलाच. १९९३ची ‘नाइटफॉल’, जिच्यात बेन बॅटमॅनची पाठ मोडतो. आणि १९९९ची ‘नो मॅन्स लँड’, जिच्यात भूकंपानंतर सरकार गॉथमला वाऱ्यावर सोडते आणि शहर तुकड्या-तुकड्यांत जगते. यातली प्रत्येक कथा एकटी घेतली तरी पावणेतीन तास अपुरे पडावेत. ‘नाइटफॉल’मधला बेन आधी मनोरुग्ण गुन्हेगारांना ठेवणाऱ्या आर्कमचे दरवाजे फोडून सगळे गुन्हेगार मोकळे सोडतो, त्यांना पकडता पकडता बॅटमॅन झिजतो, आणि मग शेवटचा घाव घालायला बेन येतो. सिनेमाने ती झीज आठ वर्षांच्या एकांतवासाने भरून काढली. कल्पना चांगली आहे. पण मग आधी त्या एकांतवासातून त्याला उठवणे आले. बॅटमॅन पोशाखात पहिल्यांदा दिसेपर्यंत पाऊण तास जातो. तासाभराच्या पुढे कुठेतरी पाठ मोडते. आणि पुन्हा शून्यापासून उठणे सुरू.

पहिले उठणे चुकीचे आहे, हाच तर कथेचा मुद्दा. आल्फ्रेडला ते दिसते. बेनची तालीम, त्याची श्रद्धा तो ब्रूसला दाखवून देतो. ब्रूस परततोय तो जगायला नाही, संपायला, हे ओळखून तो मागच्या भागात मेलेल्या ब्रूसच्या प्रेयसीच्या, रेचलच्या, जाळलेल्या पत्राचे खरे सांगतो आणि घर सोडून जातो. मायकेल केनचा तो प्रसंग संपूर्ण त्रयीतला सर्वात दुखरा. विहिरीत हेच उलट्या बाजूने येते. दोनदा ब्रूस कमरेला दोर बांधून उडी मारतो, दोनदा पडतो. मरणाची भीती नाही म्हणून पाय पुरेसा झेपावत नाही, असे त्याला सांगितले जाते. तिसऱ्यांदा तो दोर सोडतो. भिंतीतून वटवाघळे उडतात, ‘बॅटमॅन बिगिन्स’मधल्या विहिरीतल्यासारखी, आणि तो घाबरतो, आणि पोचतो. पहिले फसवे उठणे नसते तर या दुसऱ्याला अर्थ नव्हता. दोन्ही हवीतच. पण दोन उठण्यांची किंमत मिनिटांत मोजली गेली, आणि ती मिनिटे कोणाच्या वाटणीतून कापली ते तिसऱ्या खेपेलाच दिसते.

पहिले कापले गेले गॉथमचे लोक. ही उजवीकडची नवी ओळ. दुसऱ्या भागात दोन बोटींवर साधी माणसे होती, एका बोटीवर कैदी, दुसरीवर नागरिक, हातात एकमेकांच्या बोटी उडवण्याचे यंत्र. शहराचे मन तिथे पडद्यावर दिसले. तिसऱ्या भागात स्टेडियम भरलेले दिसते, राष्ट्रगीत गाणारा मुलगा दिसतो, धावत्या खेळाडूच्या मागे मैदान खचत जाते. आणि मग पाच महिने हे लोक कुठे आहेत? बेन म्हणतो शहर तुमच्या हाती देतो. ते हाती घेऊन लोकांनी काय केले, कोणी शेजाऱ्याला दगा दिला, कोणी आसरा दिला, काहीच नाही. श्रीमंतांच्या घरांची नासधूस, पहिल्या भागातला खलनायक क्रेन याचे न्यायालय, गोठलेल्या नदीवर ढकललेली माणसे, बस्स. एकच झलक आहे: कोणाच्या तरी उद्ध्वस्त घरात उभी चोर सेलिना, हातात फ्रेम केलेला फोटो, आणि तिच्या मैत्रिणीला जे सगळ्यांचे झाले म्हणून आनंद वाटतो ते पाहून पडलेला तिचा चेहरा. ॲन हॅथवे अर्ध्या मिनिटात सांगते ते सांगायला आणखी दहा मिनिटे हवी होती. शेवटची लढाईसुद्धा पोलीस विरुद्ध भाडोत्री सैनिक अशी होते. घरात दडून बसलेला पोलीस अधिकारी फोली अखेर सणासुदीचा गणवेश चढवून पुढे चालतो, तेवढ्यात त्या गर्दीला एक चेहरा मिळतो. नागरिकांपैकी कोणाला तो मिळत नाही. ज्या शहरासाठी सगळे चालले आहे ते शहर रिकामे वाटते.

दुसरा कापला गेला तो बेन. पहिल्या खेपेला ब्रूसच्या कंपनीच्या संचालक मंडळावरची मिरांडा टेट हीच रासची मुलगी तालिया निघते तेव्हा धक्का बसला आणि तो मी डावीकडे लिहिला होता. तिसऱ्या खेपेला ती ओळ उचलून उजवीकडे नेली. फसवणूक नाही, खुणा पेरलेल्या आहेत: तिच्या पाठीवरचा व्रण ब्रूस बोटाने चाचपतो, आणि शहराला ओलीस धरणाऱ्या बाँबचे बटण एका सामान्य नागरिकाकडे आहे असे बेन जाहीरच सांगतो. तक्रार वेळेची आणि परिणामाची आहे. शेवटाला काही मिनिटे उरली असताना, बाँबची घड्याळे चालू असताना, सुरा बरगड्यांत ठेवून ती सगळा पूर्वेतिहास सांगते. विहिरीतून चढून गेलेले मूल बेन नव्हता, ती होती. दोन तास ज्या माणसाची दंतकथा आपण ऐकली ती एका वाक्यात दुसऱ्याच्या नावावर होते. बदल्यात मिळते ते अस्सल आहे. ती मुखवट्याची तुटलेली नळी नीट बसवते आणि बेनच्या डोळ्यांतून पाणी येते. डॅगेटच्या खांद्यावर हात ठेवणारा हाच माणूस, आता कोणीतरी त्याला हात लावते आहे. हार्डीने ते फक्त डोळ्यांनी केले. त्या अश्रूला बसायला जागा हवी होती. मिळते काय, तर थोड्याच वेळात सेलिना बॅटमॅनच्या मोटरसायकलवरून, बॅटपॉडवरून, येते, तोफ डागते, आणि बेन संपतो. ब्रूसच्या हातून नाही, दुसऱ्या उठण्याचा हिशेब चुकता होऊन नाही. प्रेतावर कॅमेरा रेंगाळतसुद्धा नाही, कारण बाँबचा ट्रक सुटला आहे आणि त्याच्या मागे जायचे आहे.

बाँबच्या गणिताबद्दल फार बोलले जाते, मी त्यात शिरत नाही. स्फोटाचा पल्ला सहा मैलांचा आहे, म्हणून बॅटमॅन बाँब ‘बॅट’ला बांधून समुद्रावर नेतो. एका मिनिटात तेवढे पार करायचे तर वेग ताशी ३६० मैल लागतो, आणि ‘बॅट’ उडते यंत्र आहे म्हटल्यावर ते मान्य करायला हरकत नाही. ब्रूस उडी कधी मारतो हे दाखवलेले नाही, पण वाचतो कसा याची तयारी प्रामाणिक आहे. स्वयंचलित उड्डाण दुरुस्त होत नाही असे सुरुवातीपासून सांगत राहतात, आणि शेवटी फॉक्सला कळते की ती दुरुस्ती सहा महिन्यांपूर्वीच झाली होती, ब्रूस वेनच्या नावाने. मालमत्तेच्या यादीत मोत्यांची माळ सापडत नाही. गॉर्डनला छतावरचा बॅट-सिग्नल नवा केलेला आढळतो. एवढ्या तीन खुणांनंतर फ्लॉरेन्सच्या कॅफेतला प्रसंग आल्फ्रेडचे स्वप्न आहे असे म्हणणे मला पटत नाही. तो आधी बोलून दाखवलेल्या इच्छेसारखाच हुबेहूब घडतो, म्हणून स्वप्न वाटतो. कॅमेरा आल्फ्रेडच्या चेहऱ्यावरच थांबायला हवा होता असे अनेक चाहत्यांचे मत आहे. मला ब्रूसला पाहायचे होते. आठ वर्षे घरात आणि पाच महिने विहिरीत काढलेला माणूस उन्हात खुर्चीवर बसलेला.

तरुण पोलीस ब्लेकबद्दल एकच ओळ उरली आहे. टेबलापलीकडच्या बाई त्याचे खरे नाव वाचतात, रॉबिन, म्हणजे कॉमिक्समधल्या बॅटमॅनच्या साथीदाराचे, आणि तेच वापरा म्हणतात. पुढे तो धबधब्याच्या आडून गुहेत शिरतो, वटवाघळे त्याच्याभोवती घोंघावतात, आणि पाण्यातून चौथरा त्याला घेऊन वर उचलला जातो. जोसेफ गॉर्डन-लेविटचा ब्लेक अनाथाश्रमातल्या मुलांसाठी पुलावर धावला होता, हातातला बिल्ला त्याने पाण्यात फेकला होता. तो कोण होणार हे तेव्हाच ठरले. नाव घेतले नसते तरी चालले असते. पाणी, पंख आणि वर येणारा दगड एवढे पुरेसे होते.